रंगवाल्याच्या घरी जवसाचं तेल

१ जानेवारी १९९७, बुधवार

बत्तीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज नोंदवही लिहिली. नोव्हेंबरअखेर निवृत्त झालो आणि त्यानंतर महिनाभर एक ओळ लिहिली नाही. गॅलरीत खुर्ची टाकून आराम केला. आराम पुरे झाला. मुलाने, दिलीपने, त्याच्या बँकेची डायरी दिली आहे, ती आजपासून भरणार.

आधी माझी ओळख, कारण नोंदवहीच्या पहिल्या पानावर ती असावी लागते. वामन केळुसकर, वय अठ्ठावन्न. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात लॅब असिस्टंट म्हणून लागलो आणि सीनिअर केमिस्टच्या शेजारच्या टेबलावरून निवृत्त झालो. नेरूळच्या आमच्या सेक्टरमध्ये जेवढ्या ग्रिल आहेत त्यातल्या निम्म्यांचा रंग माझ्या हाताखालून पास झालेला आहे. गंजलेली ग्रिल दिसली की ती दुसऱ्या कंपनीची, हे मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो.

घरची हकिकत. बायकोच्या, मालतीच्या, तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, तळण कमी, वनस्पती तूप बंद, एकाच तेलाला चिकटून राहू नका, रोज चाला. दुसऱ्याच दिवशी सूनबाईंनी, म्हणजे सुमेधाने, स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आता फोडणीला एक दिवस शेंगदाण्याचं तेल, एक दिवस करडईचं, कोशिंबिरीला तिळाचं. पळीऐवजी चमचा आला. मालती म्हणाली, "हे स्वयंपाकघर आहे की तुमची लॅब?" ती चिडून म्हणाली, मला मात्र बरं वाटलं.

४ जानेवारी, शनिवार

आज फळीवर आणखी एक बाटली दिसली. आत गडद पिवळं तेल. झाकण उघडून वास घेतला आणि जागच्या जागी उभा राहिलो. हा वास मी झोपेतही ओळखेन.

"हे कुठून आलं?"

"दादाच्या घाण्यावरचं, बाबा," सुमेधा म्हणाली. "जवसाचं तेल. आमच्याकडे भाकरीवर घेतात, चटणीवर घेतात. कच्चंच."

सुमेधा वर्धा जिल्ह्यातली. दिलीप नागपूरला बदलीवर होता तेव्हाचं हे लग्न. तिचा भाऊ ज्ञानू समुद्रपूरजवळच्या गावात वडिलांचा लाकडी घाणा चालवतो, बैलाचा. ते सगळं ठीक आहे. पण हे तेल?

मी तिला शांतपणे समजावलं. "याला आम्ही लिन्सीड म्हणतो. ड्रमने यायचं. याचा रंग होतो, व्हार्निश होतं."

"तुमच्याकडे रंग होतो, आमच्याकडे जेवण होतं."

"अगं, हे तेल हवेवर सुकतं. पातळ थर दिला की आठ दिवसांत त्याची कातडी बनते. पोटात काय होत असेल, विचार कर."

"पोटात हवा कुठे असते, बाबा?"

मी पेपर उचलला. पण मी हे तेल खाणार नाही आणि मालतीलाही खाऊ देणार नाही. ज्याने आयुष्यभर एखादी वस्तू तपासली, त्याला तिच्याबद्दल घरात कुणी विचारू नये म्हणजे कमाल आहे.

६ जानेवारी, सोमवार

आज माझा विजय झाला.

सुमेधा कामावर गेली होती. तिने मालतीला दहा वेळा बजावलं होतं की ते तेल गरम करायचं नाही. पण मालतीच्या हाताला सवय. कढई तापली, हाताला जी बाटली लागली ती ओतली आणि वर मोहरी टाकली. दोन मिनिटांत घरभर धूर. मी गॅलरीतून आत आलो आणि खरं सांगायचं तर क्षणभर डोळे मिटले. व्हार्निश उकळायच्या आमच्या मोठ्या किटलीचा वास! पंचवीस वर्षांपूर्वीची ती शेडसुद्धा डोळ्यांपुढे आली.

"बघितलंस? रंग शिजतोय," मी म्हणालो.

मालती खोकत म्हणाली, "खिडकी उघडा आधी."

संध्याकाळी सुमेधा म्हणाली, "आई, हे तेल नाजूक असतं. तापवलं की वाया जातं. म्हणून तर वरून घ्यायचं." तिने न चिडता कढई घासली. चूक झाल्यावर शांत राहणारी माणसं मला आवडतात, पण मुद्दा माझाच खरा ठरला.

पुरावा हवा म्हणून प्रयोग सुरू केला आहे. कारखान्यातून निघताना मागून आणलेल्या चार काचपट्ट्या. क्रमांक एक जवस, दोन करडई, तीन तीळ, चार शेंगदाणा. प्रत्येकीवर बोटाने पातळ थर. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या आहेत. मोलकरणीला हात लावू नको म्हणून सांगितलं.

१० जानेवारी, शुक्रवार

दिलीपने आज मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. ज्ञानूचं पत्र आलं आहे. गावात आता सगळे दुकानातली तेलाची पिशवी आणतात, घाण्यावर कुणी येत नाही. बैल नुसता बसून खातो. गिऱ्हाईक मिळालं नाही तर तो घाणा मोडून लाकूड सुताराला देणार. सुमेधाने त्याला कळवलं आहे की थोडा थांब, मी इथे नव्या मुंबईत घरं शोधते. डॉक्टरांनी तेल बदला म्हणून सांगितलेली माणसं इथे इमारतीगणिक आहेत.

तिची युक्ती अशी की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा किंवा गाळणी न देता जवसाच्या तेलाची लहान बाटली द्यायची. चाळीस बाटल्या. बायका खाऊन बघतील, आवडलं तर मागतील.

"बाबा, तिच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे," दिलीप म्हणाला. "तिच्या वडिलांचा हात लागलेलं तेवढं एकच उरलंय."

मी म्हणालो, करू दे. वाण तिचं, बायका तिच्या. मी कुणाच्या उत्साहावर पाणी ओतणारा माणूस नाही.

१९ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. घरात एवढ्या बायका की मला चप्पलही सापडेना. मालती म्हणाली, जरा खाली जाऊन बसा. दीड महिन्यात पहिल्यांदाच इमारतीखालच्या कट्ट्यावर बसलो.

तिथे सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह होते. साताऱ्याकडचे, वाशीच्या धान्य मार्केटात सुपरवायझर आहेत. त्यांच्याबरोबर चार-पाच जण. तेवढ्यात जिन्यातून बायका वाण घेऊन उतरायला लागल्या आणि उदयसिंहांनी विचारलं, "काका, बाटलीत काय दिलंय हो सूनबाईंनी?"

विचारल्यावर सांगावं लागलं. लिन्सीड म्हणजे काय, ते हवेवर कसं सुकतं, त्यात आम्ही काय मिसळायचो, किटलीखालचा जाळ किती ठेवायचा, सगळं सांगितलं. काच नंबर एकचा निकालही सांगितला, कारण शुक्रवारी थर पूर्ण सुकला, नखाने खरवडावा लागला. माणसं पुढे सरकून ऐकत होती. दोन-तीन बायकाही बाटल्या हातात धरून थांबल्या. शेजारच्या सुनयनाबाई तर शेवटपर्यंत उभ्या होत्या. एकाने विचारलं, मग याचा उपयोग काय? मी म्हणालो, लाकडासाठी याच्यासारखं दुसरं तेल नाही. क्रिकेटच्या बॅटला लावा, दाराला लावा, दहा वर्षं बघायला नको.

"काका, तुमी म्हंजे चालतं-बोलतं पुस्तक निघालात राव," उदयसिंह म्हणाले.

वर आलो तेव्हा घर आवरून झालं होतं. जेवताना मी सगळ्यांना आजच्या गप्पा सांगितल्या. दिलीपने ताटातून मान वर केली नाही. सुमेधाने मला दुसऱ्यांदा भात वाढला. चाळीसच्या चाळीस बाटल्या गेल्या. चांगला दिवस.

२२ जानेवारी, बुधवार

आता रोज संध्याकाळी खाली जातो. काल गंज या विषयावर बोललो, आज ओल धरणाऱ्या भिंतींवर. सात माणसं होती.

३० जानेवारी, गुरुवार

काच नंबर दोन. करडई. बोट लावलं तर चिकटलं. सकाळी वाटलं धूळ असेल, संध्याकाळी पुन्हा बघितलं. धूळ नाही. थर धरतो आहे.

यात आश्चर्य करण्यासारखं काही नाही आणि तेच मला टोचतं आहे. पांढरा इनॅमल रंग पिवळा पडू नये म्हणून आम्ही त्यात करडईचंच तेल घालायचो. तीन नंबरची टाकी, मी स्वतः सह्या केल्या आहेत. आणि त्याच करडईच्या तेलात आई चकल्या तळायची, मालती भाजी करते, डॉक्टरांनीही तेच चालेल म्हणून सांगितलं. बत्तीस वर्षं मी दिवसा ते तेल रंगात बघितलं आणि रात्री ताटात खाल्लं. दोन्ही एकच आहेत असं कधी मनात आलं नाही.

मग जवसाचं काय?

मालतीला काच दाखवलेली नाही. तीळ अजून ओला आहे, शेंगदाणा तर जसाच्या तसा.

५ फेब्रुवारी, बुधवार

वाणाला अडीच आठवडे झाले. मी सुमेधाला विचारलं, कुणी तेल मागितलं का? ती म्हणाली, "नाही, बाबा. कुणी विचारलं नाही." हल्ली ती कमी बोलते. वाशीपर्यंत उभ्याने जायचं, उभ्याने यायचं, दमत असणार.

लोकांची मला कमाल वाटते. फुकट मिळालं की घ्यायचं आणि पुढे साधी चौकशीही नाही. एकीला तरी वाटावं की नाही, या मुलीने एवढं हौसेने दिलंय तर निदान चवीबद्दल दोन शब्द बोलावेत?

सुनयनाबाईंचा सागवानी दरवाजा काय चमकतोय! कुठलं पॉलिश लावलं ते विचारायला हवं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सुमेधाने भावाला लिहिलेलं आंतर्देशीय पत्र टाकायला दिलं. सकाळीच पेटीत टाकलं. असली कामं मी कधी लांबवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे पान लिहायचं नव्हतं. पण नोंदवहीत नापास झालेली बॅचही लिहावी लागते.

सकाळी मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. बॅटी बघितल्या आणि खूश झालो. पाच-सहा बॅटी, सगळ्या तेल पाजलेल्या, मधासारखा रंग आलेला. मी हाक मारून विचारलं, "शाब्बास! एवढं चांगलं लिन्सीड कुठल्या दुकानातून आणलंत?"

"आजोबा, ते आमच्या आयांना वाणात मिळालेलं. तुम्हीच म्हणालात ना, बॅटला लावा, खायचं नाही म्हणून."

मी तसाच जिना चढलो. सुनयनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी विचारण्याआधी त्याच म्हणाल्या, "काका, बघितलात का दरवाजा? मी ती बाटली फेकूनच देणार होते. तुमचं ऐकलं म्हणून कामाला आली. थँक्यू हं!" आणि त्यांनी दरवाज्यावरून हात फिरवून दाखवला. दरवाजा खरोखर सुंदर दिसत होता.

चाळीस बाटल्या. बॅटींना, दारांना, एक म्हणे शिलाई मशीनच्या पाटाला. त्यातली एकही बाटली कुणी भाकरीवर घेतली नसणार, आणि ते माझ्यामुळे. मी त्या मुलीच्या घरात जेवतो आणि खाली जाऊन तिच्याच तेलाची बदनामी केली. वर पुन्हा डायरीत लिहिलं की लोक असे कसे. मागची पानं वाचली. मला माझीच लाज वाटली.

मग ते पत्र आठवलं, जे मी स्वतः पेटीत टाकलं होतं.

दुपारी एसटीडी बूथवर गेलो. ज्ञानूच्या गावात किराणा दुकानात फोन आहे, तो नंबर दिलीपच्या वहीत होता. दुकानदाराने निरोप दिला, मी अर्ध्या तासाने पुन्हा लावला.

"मामाजी?" त्यांच्याकडे बहिणीच्या सासऱ्यालाही मामाजीच म्हणतात. "कायले फोन केला? सुमी बरी हाय ना?"

"बरी आहे. तिचं पत्र मिळालं का?"

"भेटलं. तिकडे जमत नाई म्हने. मंग मी सुताराले सांगून टाकलं. शिवरात्र झाली का येतो म्हनला तो."

"ज्ञानू, थांब. किती घरं लागतील तुला?"

तो पुटपुटत हिशेब करू लागला. मग म्हणाला, "पंधरा घरं नेमानं घेत असतीन तं बैल ठेवतो मी. पन उगाच आशा नका लावू, मामाजी. मोडाचं म्हनून मन घट्ट केलं हाय."

शिवरात्र सात मार्चला. एकोणीस दिवस. त्याला म्हटलं, सुमेधाला यातलं काही सांगू नकोस.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल सोसायटीच्या फळ्यावर लावायला सूचना लिहिली. दीड पान. विषय, संदर्भ, निष्कर्ष, खाली सही आणि हुद्दा. आज उदयसिंहांकडे दिली. त्यांनी पूर्ण वाचली, घडी घातली आणि परत दिली.

"काका, फळा वाचतंय कोण? पाणी कवा येणार एवढंच बगत्यात लोकं. तुमी तोंडानं बोललाय, तोंडानंच निस्तरा. रविवारी मी समद्यांना खाली बोलावतो. टाकी धुवायचा इषय हायेच."

"बायकाही हव्यात."

"त्यांनाच आधी बोलावतो," ते म्हणाले.

रविवारी काय बोलायचं ते पाठ करतो आहे. कारखान्यात ऑडिटर यायचे तेव्हाही एवढी तयारी केली नव्हती.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं झालं तसं लिहितो.

अकरा वाजता पस्तीसेक माणसं जमली. दिलीप आणि सुमेधा वाशीला गेले होते, ते बरंच झालं. टाकीचा विषय संपला आणि उदयसिंह म्हणाले, काकांना बोलायचंय. मी चारही काचा घेऊन उभा राहिलो.

पहिलं वाक्य पाठ केलं होतं, ते म्हटलं. "जवसाच्या तेलाबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं." मग मी समजावायला लागलो. रंगात जातं म्हणून ते खायला वाईट, असं होत नाही. कारखान्यात आम्ही ते तेल उकळायचो, त्यात सुकवणारी औषधं घालायचो, ते विषच. घाण्यावरच्या तेलात त्यातलं काहीही नसतं. आणि मग, मुद्दा पक्का व्हावा म्हणून, काच नंबर दोन वर धरली. "हे बघा करडईचं तेल. तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. हेही सुकतं. याचा आम्ही पांढरा इनॅमल करायचो!"

एकदम गलका झाला.

"अगं बाई," सुनयनाबाई म्हणाल्या, "म्हणजे करडई पण रंगाचीच? मग खायचं तरी काय?"

"मी कालच डबा आणला," मागून कुणीतरी ओरडलं.

मी हात वर करून सांगत होतो की माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, पण ऐकतो कोण! एका बाटलीचं निस्तरायला आलो आणि दुसऱ्याही तेलाला डाग लावून बसलो. उदयसिंहांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मालती जिन्यातून खाली आली. हातात ताट. ताटात ज्वारीच्या भाकरीची चवड, लसणीची चटणी, चिरलेला कांदा आणि ती बाटली. आम्ही मालवणकडची माणसं, भातावर वाढलेली. ज्वारीची भाकरी तिने सुमेधाकडून कधी शिकून घेतली, मला पत्ता नाही.

"यांचं ऐकू नका," ती सगळ्यांना म्हणाली. "हे बत्तीस वर्षं रंगात होते, जेवणातलं यांना काय कळतंय? मी संक्रांतीपासून खातेय हे तेल. संध्याकाळी हे खाली उतरले की मी आणि सुमेधा चटणी-भाकरी घेऊन बसतो. आहे का मी धडधाकट?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. महिनाभर माझ्या पाठीमागे माझ्याच घरात!

तिने ताट माझ्यापुढे धरलं. पुढे काय करायचं ते मला कळलं. चटणीला बोटाने आळं केलं, त्यात तेल ओतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा. रंगाची काहीच चव नव्हती. भाजलेल्या दाण्याच्या जवळची, शेवटी किंचित तुरट. मी दुसरा तुकडा घेतला, आणि तो दाखवायला म्हणून घेतला नव्हता.

मग ताट फिरलं. उदयसिंहांनी पाव भाकरी एका घासात संपवली आणि म्हणाले, "आमच्याकडं कारळ्याच्या चटणीवर असंच त्याल घेत्यात की! एवढंच व्हय?" सुनयनाबाईंनी आधी वास घेतला, मग चाटलं, मग कांद्याबरोबर खाल्लं.

"फक्त तापवायचं नाही," मालती सांगत होती. "भाकरीवर, वरणभातावर, कोशिंबिरीत, वरून एक चमचा. बाटली लहानच आणायची, झाकण घट्ट लावायचं. जुनं झालं की त्याला रंगाचा वास येतो. तसा वास आला की टाकून द्यायचं. तेवढं मात्र यांना विचारा, ते यांच्याइतकं कुणाला कळत नाही."

टाळी कुणी वाजवली नाही, पण मला ती ऐकू आली.

अकरा घरांनी नावं दिली. सुनयनाबाईंचं पहिलं.

१ मार्च, शनिवार

दिघ्याला जाऊन आलो. आमच्या किटलीवरचा जुना कामगार नंदकुमार तिथे राहतो. ऐकून तो पोट धरून हसला. "साहेब, तीस वर्षं त्याच्या वाफेत काढली, आता पोटात पण तेच?" पण बायकोला हाक मारून नाव लिहायला लावलं. त्याच्या चाळीतून आणखी दोन मिळाले. म्हणजे चौदा.

पंधरावं काही केल्या मिळेना. शिरवण्यापर्यंत पायी हिंडलो. डॉक्टरांनी मालतीला चालायला सांगितलं होतं, चालतो आहे मी.

३ मार्च, सोमवार

ज्ञानूला फोन केला. चौदाच झाली, असं खरं ते सांगितलं.

"अन् तुमचं घर धरलं का, मामाजी?"

धरलं नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"मंग झाले ना पंधरा," तो म्हणाला. "सुताराले मी नाई म्हनून सांगतो." फोन ठेवला तेव्हा बूथवाल्याने न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला.

घरी येऊन सुमेधाला सगळं सांगितलं. फोन, सभा, दिघा, सगळं. माझी चूकही सांगितली, काही न वगळता. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेली. थोड्या वेळाने चहा घेऊन आली. दिलीप बऱ्याच दिवसांनी माझ्या शेजारी बसला.

८ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

परवा ज्ञानूचे दोन डबे आले. आज गुढी उभारून झाल्यावर सुमेधा आणि मी बाटल्या भरायला बसलो. ती ओतते, मी प्रत्येक बाटलीचा वास घेतो आणि झाकण लावतो. पंधराच्या पंधरा पास. मालतीचा नवा रिपोर्टही आला आहे, आकडा थोडा खाली. डॉक्टर म्हणाले, चालणं, पथ्य, तेल, सगळ्यांचंच मिळून. मालती म्हणते, तिने एकटीने केलं.

बाटल्या भरताना मी सुमेधाला म्हणालो, "त्या वेळी मी खाली काय बोलत होतो ते तुला मी सांगेपर्यंत कळलं नाही, हे माझं नशीब. नाहीतर घराबाहेर काढलं असतंस."

"कळलं होतं, बाबा."

"कधी?"

"वाणाच्याच संध्याकाळी. सुनयनाताई जिन्यातून परत वर आल्या होत्या विचारायला, हे खरंच रंगाचं तेल आहे का म्हणून."

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. "मग मला तेव्हाच का नाही थांबवलंस? तुझ्या वडिलांचा घाणा जात होता."

तिने आधी हातातली बाटली भरली. मग म्हणाली, "डिसेंबरभर तुम्ही गॅलरीत भिंतीकडे तोंड करून बसायचात. जेवायला बोलावलं तर यायचात, पण बोलायचा नाहीत. आई मोरीत जाऊन रडायच्या, म्हणायच्या, या माणसाचा आवाज ऐकून किती दिवस झाले. त्या संध्याकाळी तुम्ही बोलत बोलत जिना चढून आलात. जेवतानाही बोलत होतात. मी भात वाढायला उठले तेव्हा आईंनी माझा हात दाबला. मग मी ठरवलं, राहू दे."

"आणि घाणा?"

"दादाला लिहिलं, जमत नाही म्हणून."

तिने पुढची बाटली माझ्याकडे सरकवली. मी वास घेतला, पण मला कसलाच वास आला नाही.

मी ज्याला आराम म्हणून पहिल्या पानावर लिहिलं, त्याला घरची माणसं काय समजत होती हे मला आज, चार महिन्यांनी कळलं. माझ्या बडबडीसाठी या मुलीने बापाचा घाणा सोडून दिला होता. एक शब्द न बोलता, आणि मला दुसऱ्यांदा भात वाढून. मी कट्ट्यावर सात माणसं जमली म्हणून छाती फुगवत होतो, आणि छाती फुगावी अशी गोष्ट माझ्याच स्वयंपाकघरात होती.

मला तिचा फार अभिमान वाटतो. असलं काही मी आजपर्यंत दिलीपलाही तोंडाने सांगितलेलं नाही, मालतीलाही नाही. पण हे डायरीत लिहून भागण्यासारखं नाही. तिघंही आत जेवायला बसायची तयारी करताहेत, ताटांचा आवाज येतो आहे. उठतो आणि आत जाऊन सांगतो.